ढक्कन-खुलाई

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी टावर चौकात पोह्यांच्या ठेल्यावर उभा होतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होतो की एका सिंहस्थात मी हत्तीला गल्ली चुकल्याचं समजावून परत फिरवलं होतं. गोष्ट रंगात आली होती. फोन दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. तो फोनवर दोन वाक्यांच्या वर कधी जात नाही, त्या दिवशी एकच बोलला. "बाळ्या, शैला गेली रे." हत्तीला मी अर्ध्या गल्लीत सोडलं आणि माधव नगरला दादाच्या घराकडे चालू लागलो... पोह्यांचे पैसे द्यायचे राहिले, हे घर दिसायला लागल्यावर आठवलं. आणि पहिला विचार आला तो हा, की वहिनी आता मला सोडणार नाही. केलेल्या कामाचे पैसे न देणं, ही एकच गोष्ट तिला माझ्या थापांपेक्षा जास्त खटकायची.

शैलावहिनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि हौसेनं फोटो काढायची. लग्न होऊन सोलापूरहून उज्जैनला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्या कमी आणि कॅमेऱ्याचं सामान जास्त होतं. आता आमचा गोतावळा असा, की शिप्रेच्या घाटावर सगळे एकदम उतरले तर पलीकडे पाणी चढेल. पूर्वज सरदारांच्या दफ्तरात कारकून होते. ऐकणारा भोळा असला तर मी त्यांना सुभेदार करतो. एवढ्या माणसांत बारशी, मुंजी, लग्नं यांना खंड नाही, आणि प्रत्येक घरून निरोप एकच: "वहिनी, जरा लवकर ये हं. आणि येताना कॅमेरा आण." ती लवकर जायची. पंगतीत शेवटी बसायची, तोवर श्रीखंडाच्या भांड्यात फक्त चमचा उरलेला असायचा. रोल तिचा, धुलाई तिची, प्रिंटा तिच्या. आणि निघताना ओटीत काय, तर खण आणि नारळ. तिच्याकडे इतके खण साठले की फ्रीगंजातला एक कापडवाला दिवाळीत माल कमी पडला की तिच्याकडे यायचा, असं मी सांगत असे. नारळांचं तर विचारूच नका. दादा वर्षभर खोबऱ्याची चटणी खाऊन गुळगुळीत झाला होता.

हे असंच चालू राहिलं असतं, पण एकदा वहिनी आमच्या धाकट्या बहिणीकडे, कुंदाकडे, लोणचं न्यायला गेली. बरणी उचलली तर खाली फोटो. कुंदाच्या मुलाच्या मुंजीतला, मातृभोजनाचा. आईच्या ताटातला शेवटचा घास, आणि मुलाकडे बघताना कुंदाचा चेहरा... त्या एका चेहऱ्यासाठी वहिनी मांडवात गुडघ्यांवर बसून राहिली होती. आता त्या चेहऱ्यावर तेलाचं गोल वर्तुळ. वहिनी लोणचं घेऊन घरी आली, कॅमेरा पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

"भाऊजी, हा विकून टाका. तुमच्या ओळखी आहेत."

"अगं, त्यापेक्षा पैसे लाव ना सगळ्यांना!"

दादा आतून ओरडला, "नातेवाइकांना पैसे मागायचे? लोक काय म्हणतील?"

"बघा," वहिनी म्हणाली. "मला हाव नाही हो. पण फुकटचा फोटो बरणीखाली जातो. कुंदावन्संनी शिलाई मोजून शिवून घेतलेलं ब्लाउज बघा, कसं कापूर घालून ठेवलंय."

ब्लाउजाचं खरं होतं. आणि कॅमेरा विकला असता तर तिचं निम्मं आयुष्य त्याच्याबरोबर गेलं असतं, हे मलासुद्धा कळत होतं, जो मी साधारणपणे दुसऱ्याच्या दुःखात गोष्टीला विषय शोधतो. मी दोन दिवस मागून घेतले. विचार केला: आमच्या गावात माणूस बिल दिसलं की नातं आठवतो, पण रसम म्हटलं की खिशात हात घालतो. नवरीचं तोंड बघायचं तर मुँह-दिखाई. बूट परत हवेत तर जूता-छुपाई. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळला, तर कान पिळून घेणाराच वर पैसे देतो! याला नेग म्हणतात, आणि नेग द्यायला आजवर कुणी नाही म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

कुंदाच्या मुलीचं लग्न समोरच होतं. मांडवात अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, आणि वहिनी कॅमेरा घेऊन उभी, पण लेन्सवर काळं झाकण तसंच. कुंदा कुजबुजली, "वहिनी, अगं काढ ना, मुहूर्त चाललाय!" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाकरलो. माझं खाकरणं देवास गेटपर्यंत ऐकू जातं.

"थांबा, थांबा! ढक्कन-खुलाई राहिली!"

 मी समजावलं की ही आमच्या घराण्याची थेट सरदारांच्या वेळेपासूनची रीत. नेग पडल्याशिवाय झाकण उघडत नाही, आणि उघडलं तर जोडप्याला दृष्ट लागते. वहिनीनं झाकण काढलं, लेन्सपुढे आडवा हात धरला आणि झाकण वाटीसारखं उलटं करून पुढे केलं. मला वाटलं, आता कुणीतरी हसणार आणि आम्ही दोघं मेलो. पण नवऱ्या मुलाचे मामा इंदूरचे. आपल्याला एखादी रीत माहीत नाही, हे इंदूरचा माणूस उज्जैनच्या मांडवात कबूल करेल? "अहो, आमच्याकडेही असते की! आमच्या आत्याच्या लग्नात केवढा घोळ झाला होता यावरून!" असं म्हणून त्यांनी नोट ठेवली. गुरुजींनीही मान डोलावली, "ते मंगलाष्टकांच्या आधी उरकलेलं बरं." मग काय, व्याह्यांपुढे कुंदा मागे राहते? तिनं नवऱ्याच्या खिशात स्वतः हात घातला. वहिनी हसली. नेग पडला की एकदम खालच्या ओठातून सुरू होणारं ते तिचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं... आणि मग हात बाजूला झाला.

त्या लग्नाचे फोटो कुंदानं चौकटी करून भिंतीवर लावले. तेलाचा डाग पडलेला मुंजीचा फोटोही पुन्हा करून मागितला, आणि झाकणात नोट स्वतःहून ठेवली. पुढे गुरुजीच प्रत्येक लग्नात आठवण करायला लागले. वहिनीचा नियम एवढाच: नारळ चालणार नाही, ऐपतीप्रमाणे एक रुपयाही चालेल, पण झाकण रिकामं चालणार नाही. आणि घरच्यांना दुप्पट. "बाहेरचे थांबा म्हटलं की थांबतात," ती म्हणायची. "घरचे मध्येच पाणी मागतात." भैरवगढला तिच्या एका विद्यार्थिनीच्या घरी कापडावर ठशांची छपाई चालते. तिनं आपल्या लग्नात रुपयाबरोबर स्वतः छापलेलं एक लाल कापडही दिलं. ते मात्र वहिनीनं डोळ्यांना लावून घेतलं आणि कायम कॅमेऱ्याभोवती गुंडाळलं.

मला वाटलं होतं, रसमीच्या जनकाला तरी सूट असेल. माझ्या मुलाच्या लग्नात मी हात जोडून उभा राहिलो. वहिनी झाकण धरून उभी. मी म्हटलं, "अगं, हे सगळं सुरू केलं कुणी?" ती म्हणाली, "म्हणूनच. तुम्हीच मोडलंत तर उद्या कुंदावन्सं पहिल्या मोडतील." मी हट्टाला पेटलो, ती माझ्याहून हट्टी. आजही आमच्या अल्बमात सप्तपदी तिसऱ्या पावलापासून सुरू होते. सूनबाई माहेरच्यांना सांगते, पहिली दोन पावलं सासऱ्यांनी खाल्ली.

गेल्या हिवाळ्यात तिला कॅमेरा उचलवेना. एका दुपारी गेलो तर गॅलरीत उन्हाला बसली होती, कॅमेरा मांडीवर. मला बघून तिनं झाकण पुढे केलं. मी निमूट नोट ठेवली. "आता गप्प बसा, भाऊजी. तोंड मिटलेला तुमचा एकही फोटो नाही माझ्याकडे." मी मिटलं. महाकाल साक्षी आहे, मी पूर्ण मिनिटभर मिटलं होतं. तिनं दोन्ही कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि फोटो काढला... तो फोटो बघून माझी बायको म्हणाली, हे कोण?

वहिनी गेल्यावर दादा बोलेनासाच झाला. जेवायचा, पेपर उलटा-सुलटा करायचा, बस. मी रोज जाऊन नवीन थापा मारायचो, त्या भिंतीवर आपटून माझ्याकडेच यायच्या. मग परवा शेजारच्या जोशीजींच्या नातीचं लग्न आलं. ही मंडळी मराठी नव्हेत, मूळची माळव्यातली. जायचं मनात नव्हतं, पण गेलो. फेऱ्यांच्या आधी नवरीची एक मावसबहीण, इंजिनियरिंगला शिकणारी, कॅमेरा घेऊन उभी, आणि मागून तिचे काका: "अरे बेटा, जल्दी निकाल ना, घर की ही तो बात है!" पोरीनं शांतपणे लेन्सचं झाकण उलटं करून त्यांच्यापुढे धरलं.

"पहले ढक्कन-खुलाई, चाचाजी."

माझ्या हातातला लाडू तसाच राहिला. मी जवळ जाऊन विचारलं, "बेटा, ये कौन-सी रसम है?"

"आपको नहीं पता, अंकल? मराठा दरबार के ज़माने की है. तब तसवीर बनाने वाले रंग की कटोरी ढक के बैठते थे. नेग मिले, तभी खोलते थे."

रंगाची कटोरी! इतकी वर्षं ही कटोरी मला सुचली नाही. जन्मभर थापा मारल्या, पण आपली थाप अशी नटूनथटून, आपल्याहून देखणी होऊन समोर उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. काकांनी नोट ठेवली. पोरगी हसली आणि कामाला लागली. तिच्या कामात लुडबुड करायची कुणाची छाती झाली नाही.

मी तसाच दादाकडे गेलो आणि सगळं सांगितलं, एक शब्दही न वाढवता. यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, दादानंही ठेवला नाही. पण तो ऐकत होता. मग उठला. भिंतीवर वहिनीचा फोटो लावला होता, त्यावर धूळ बसू नये म्हणून भैरवगढचं ते लाल कापड टाकलेलं. खाली फळीवर कॅमेऱ्याचं काळं झाकण उलटं ठेवलं होतं, कडेला किती लग्नांचं कुंकू लागलेलं. मी कापड बाजूला करायला हात पुढे केला. दादानं तो धरला.

"आधी खुलाई."

मी खिशातून नोट काढून झाकणात ठेवली. दादा हलला नाही. फोटोकडे बघत, जणू तिकडून विचारून घेतल्यासारखा म्हणाला, "घरच्यांना दुप्पट, बाळ्या."

मी दुसरी ठेवली. मग त्यानं कापड बाजूला केलं. वहिनी खालच्या ओठातून हसत होती.