एका सीताफळाची वाट

दादा, सोलापूर स्टेशनवर तुम्ही दोघं मला सोडायला आलात तेव्हा तू बॅगांची कुलपं ओढून बघत होतास आणि बाबा मला अमेरिकेतलं गाव कसं बघायचं ते सांगत होते. "पोचलीस की आधी गाव पायाखाली घाल. इमारती कुठे पळून जात नाहीत." शाळेत चित्रकला शिकवायचे, पण विजापूरला नेलं की त्यांनी आपल्याला थेट गोलघुमटासमोर कधी बसवलं नाही. आधी बाजार, मग बावडी, मग कागद.

ओहायोतल्या या डब्लिनमध्ये पायाखाली घालायला गावच नाही. फूटपाथ मध्येच संपतो. चालत निघालं की कुणीतरी गाडी थांबवून विचारतं, "राइड हवी का?" चालणारी बाई म्हणजे काहीतरी बिघडलेलं. अशा जागी बसून मी आदिलशाही राजधानीवर प्रबंध लिहिते. कानडी, मराठी, इराणी, हबशी, सगळे त्या एका शहरात कसे वावरत असतील, त्यावर.

सुरुवातीची वर्षं माझे पाय बाबाच होते. मी फोनवर विचारायचे, ते रविवारच्या एसटीने विजापूरला जायचे. एकदा विचारलं, ताजबावडीपासून इब्राहिम रोज्यापर्यंत, म्हणजे त्या सुलतानाच्या कबरीपर्यंत, किती लांब? पुढच्या फोनला उत्तर आलं, "एक सीताफळ. बिया सावकाश थुंकल्या तर." मी हसले. "हसू नकोस," ते म्हणाले. "बावडीवर डोकं भिजवून निघालं तर केस वाळायच्या आत रोज्याची सावली येते. बांधणाऱ्याला ऊन ठाऊक होतं, बाळ."

त्या एका वाक्यावर माझं अख्खं प्रकरण उभं राहिलं. प्रोफेसरबाईंनी वाचलं आणि विचारलं, सुंदर आहे, पण पुरावा काय? मीटर किती? बाबांना पुन्हा पाठवायचं ठरवत होते, तेवढ्यात तुझा फोन आला. बाबा गेले होते. "तू नको येऊस," तू म्हणालास. "व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकलीस तर परत जाता येणार नाही. आम्ही करतो सगळं." तुझं बरोबर होतं. म्हणूनच राग कुणावर काढावा ते अजून कळत नाही.

माझी रूममेट श्वेता नागपूरची. "यार, सॅटेलाइट मॅपवर मेझर करून टाक ना. दोन मिनिटांचं काम." केलं. वरून रोजा बोटाने पुसता येईल एवढा दिसतो. आकडा मिळाला. प्रबंधात तो गेला आणि सीताफळावर प्रोफेसरबाईंनी पेन्सिलीने रेघ मारली.

परवा इंडियन स्टोअरला चालत निघाले. इथे सीताफळाचा गोठवलेला गर मिळतो, बिया काढलेला. म्हणून हातात सफरचंद घेतलं. ते खाऊन संपलं तरी मी आमच्याच पार्किंग लॉटमध्ये होते.

तू दर फोनला विचारतोस, घरी कधी येतेस? प्रबंध झाला की येते, सीताफळं असतील तेव्हा. तू म्हणशील, दिवाळीच्या दिवसांत तिकिटं मिळत नाहीत. मिळतील. पण सोलापूरला उतरले की मला आधी घरी नेऊ नकोस, विजापूरच्या एसटीत बसव. माझं घर आता बावडी आणि रोजा, त्या दोन जागांच्या मधे आहे. आकडा बरोबरच असेल. मला ओल्या केसांनी चालून बघायचंय.