शेजारची बारकी फाइल

रत्नागिरीच्या एका स्टुडिओतला तो माणूस कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ रॉ फोटोला कधी धक्का लावत नसे. केलेली दुरुस्ती फोटोशेजारच्या बारक्या फायलीत राही. दोन्ही फायली तो जोडीनेच हलवी. पण चेहरे इतके गोरे करी, की अख्खं लग्न पिठात बुडवल्यासारखं दिसे. गिऱ्हाइकांना तेच हवं असे.

एकदा मी तिथे बसलो असताना एक मासेवाली आली. भाच्याच्या लग्नात त्याने टिपलेला तिच्या नवऱ्याचा फोटो आता भिंतीवर लावायचा होता.

"हे आमचे न्हवत," पडद्यावरचा गोरा चेहरा बघून ती म्हणाली. "ते दर्यावर करपलेले."

त्याने ती बारकी फाइल पुसून टाकली. "माझं काम गेलं, मावशी. माणूस आहे तसाच आहे."

पडद्यावर काळा, रापलेला चेहरा आला. तिने चटकन डोक्यावरून पदर घेतला.