मापाच्या वहीची मागची बाजू

मी ब्लाउज शिवते. लोधिवलीत घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे आणि मशीनच्या खणात मापाची वही. वही पुढून उघडली की गावातल्या बायकांची छाती, कंबर, बाही. उलटी करून मागून उघडली की माझ्या मनातलं: कुणी जाता जाता बोललेलं वाक्य, एखाद्या बाईची पदर खोचायची ढब, कधीतरी गोष्टीत घालू म्हणून ठेवलेलं काहीबाही. दोन्ही बाजू मध्ये कुठेतरी भेटल्या की वही संपली. लोक सांगतात, फोनवर लिही की. पण फोन हातात घेतला की समोरची बाई जपून बोलते. मापाची वही हातात असली तर तिला काही वाटत नाही. ती हात वर करून उभी राहते आणि सासूबद्दल बोलत सुटते. मी बाहीचं माप पुढे लिहिते, सासू मागे लिहिते.

हे बरं चाललं होतं. मग मी कर्जतच्या लेखनवर्गाला जायला लागले.

वर्ग घेणारे सर मूळचे घाटावरचे. निवृत्त मास्तर, नेरळला नव्या इमारतीत फ्लॅट घेऊन राहिलेले. रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्हा हौशी लोकांना ते लिहायला शिकवत. त्यांचा नियम एकच होता. प्रत्येकाने कागदाची वही ठेवायची, सुचेल ते टिपायचं आणि महिनाअखेरीस वही त्यांच्याकडे तपासायला द्यायची. जे आवडेल त्याच्यापुढे ते लाल पेनने बरोबरची खूण करत. "कागद इमानी असतो," असं ते दर रविवारी म्हणत. असेल. कागदाबद्दल माझी तक्रार नाही.

माझी वही पहिल्यांदा परत देताना ते हसून म्हणाले, "ताई, पुढची पानं मी पाहिली नाहीत हं." सगळा वर्ग हसला. ती पाहिली असती तर परवडलं असतं, तिथे चोरण्यासारखं काही नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी माझी आई गेली होती. जन्मभर तिने गोधड्या शिवल्या. स्वतःच्या घरच्या, शेजारच्या, लेकीबाळींच्या. शेवटी कर्जतला सरकारी दवाखान्यात असताना तिची बोटं चादरीवर सारखी टाके घालत होती. एका दुपारी खिडकीतलं ऊन थेट तिच्या पांघरुणावर आलेलं असताना ती मला म्हणाली, "दिवा लाव गं. दोरा ओवता येत नाय."

मी बाहेर व्हरांड्यात आले आणि ते वाक्य वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. लिहिलं नसतं तर मी तिथेच खाली बसले असते. दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्या वाक्यापुढे सरांची लाल खूण आली तेव्हा मी हरखून गेले होते. आईला कुणीतरी पैकीच्या पैकी गुण दिल्यासारखं वाटलं.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला सरांचं कथाकथन होतं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी स्वतःच्या आईची गोष्ट सांगितली. आई खाटेवर पडलेली, बोटं पांघरुणावर टाके घालणारी, भर दुपार. मग ते थांबले, चष्मा काढला आणि आवाज ओला करून म्हणाले, "दिवा लाव रे. दोरा ओवता येत नाही."

सभागृहात बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मी दातओठ खात बसले होते. सरांची आई शाळेत शिक्षिका होती, तिने आयुष्यात सुई धरली नाही, हे त्यांनीच आम्हाला वर्गात कौतुकाने सांगितलेलं होतं. माझ्या आईचं वाक्य त्यांनी नेलं ते नेलं, वर तिची भाषाही धुऊन काढली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "सर, ते वाक्य माझ्या आईचं आहे."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ताई, आई सगळ्यांची सारखीच असते. लेखकाला आई वाटून घेता आली पाहिजे."

वाटून घ्यायला ती काय पेढे होती? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. परतीच्या टमटममध्ये सुचलं. उतरेपर्यंत मी ठरवलं होतं की या माणसाचं चारचौघांत हसं करायचं. माफी नको होती मला. लोक त्यांच्या तोंडावर हसलेले मला माझ्या डोळ्यांनी बघायचे होते.

वर्ग मी सोडला नाही. उलट पहिल्या रांगेत बसायला लागले. आणि वहीच्या मागच्या पानांवर, खऱ्या नोंदींच्या मध्ये, मी एक खोटी नोंद पेरली.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, टहाळ, पेंढा पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राब म्हणजे वर्षाच्या भाताची सुरुवात, तिथे चपलासुद्धा घालून कुणी फिरत नाही. मी लिहिलं: "घरातली म्हातारी गेली की तिची गोधडी पुढच्या राबावर जाळतात. तिच्या उबेने रोप वर येतं." शहाण्या माणसाला वाचूनच घाम फुटावा. मेलेल्या माणसाचं अंथरूण, आणि ते रोपाच्या जागेवर! आमच्या गावातला कुठलाही शेतकरी हे ऐकून सांगणाऱ्याला काठीने हाकलेल. पण सरांच्या गावाकडे ज्वारी. त्यांना राब काय ठाऊक?

महिनाअखेरीस वही परत आली. त्या नोंदीपुढे लाल खूण होती, तीही दोनदा केलेली.

मग मी पुढचं काम केलं. खालापूरकडे माझं माहेर. तिथे माझा धाकटा भाऊ शेती करतो आणि शाळेच्या समितीवरही आहे. त्याला म्हटलं, यंदा संमेलनाला आमच्या सरांना बोलवा, फार छान गोष्टी सांगतात. त्याने बोलावलं. वालाच्या शेंगांचे दिवस होते, संमेलनानंतर मैदानामागे मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायची ठरली होती, त्यामुळे अख्खं गाव जमलं होतं. पुढच्या सतरंजीवर म्हाताऱ्या बायका, मागे बापे, सगळे भातवाले. मी माझ्या चुलतीशेजारी जागा धरली. मनातल्या मनात मांडे खात बसले होते मी.

सरांनी गोष्ट सुरू केली. म्हातारी गेली. उन्हाळा आला. मुलाने तिची गोधडी खांद्यावर घेतली आणि तो राबाकडे निघाला. आता कुणीतरी खाकरेल. आता मागून एखादा ओरडेल, "ओ सर, राबावर गोधडी? खुळे का काय तुमी?"

कुणी ओरडलं नाही. सरांचा आवाज खाली आला. गोधडी पेटली, टाक्याटाक्यातून धूर निघाला, आणि पहिल्या सरीनंतर त्या जागेवर सगळ्यात आधी हिरवं वर आलं. मैदान चिडीचूप. माझ्या चुलतीने नाक ओढलं आणि माझा हात धरला.

"पूर्वी करायची गं असं," ती म्हणाली.

"कोण करायचं?"

"आमच्या माह्यारी. मी ल्हान होती तवा."

चुलतीच्या पलीकडची म्हातारी म्हणाली, "आमच्याकडं पन." तिच्या पलीकडच्या बाईनेही मान डोलावली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी रचलेलं खोटं या बायकांना आपापल्या माहेरी सापडलं होतं, आणि टाळ्या सरांना पडत होत्या.

त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं. भगव्या रंगाची, सोनेरी काठाची, नायलॉनची शाल. पोपटीचं मडकं फुटत होतं तेव्हा ते माझ्याकडे आले आणि ती शाल माझ्या हातात ठेवली. "ठेवा ताई तुम्हाला. बोलावणं तुमच्यामुळे आलं. थोडं श्रेय तुमचंही आहे."

थोडं! ती शाल मी घरी आणून कात्रणांच्या गोणीत कोंबली. वर्गातही त्यांचं कौतुक सुरू झालं. जुन्या रीतीभातींवर त्यांचं पुस्तक छापायला जायचं होतं. त्यात त्यांनी ही रीत पहिलं प्रकरण म्हणून घातली, आणि "मी स्वतः पाहिलेली" असंही लिहिलं. पुस्तक छापून आलं तेव्हा आम्हाला त्यांनी ते पान वाचून दाखवलं.

आणि मग चैत्रात भावाचा फोन आला.

"ताई, आईची गोधडी तुज्याकडं हाय ना? राब भाजायचाय. काकी म्हनते, घालू त्याच्यावर."

आईची गोधडी माझ्याकडे होती. शेवटची, तिच्या लुगड्यांची. तिच्या वस्तूंतली तेवढी एकच मी मागून घेतली होती.

"अरे, तसली काही रीत नाही," मी म्हणाले. "ते मी रचलेलं आहे. माझ्या वहीत."

तो हसला. "तू? सरांच्या पुस्तकात छापून आलंय गं. आन् काकी काय खोटं बोलती? सरपन येनारेत, फोटो काढायला. पेपरात देनारेत."

आयत्या बिळावरच्या या नागोबाने आधी आईचं वाक्य नेलं, आता तिची गोधडीही माझ्याच हाताने जाळायला लावत होता, आणि ती काडी मीच पुरवलेली होती. रडू येईना. राग इतका होता की मापं द्यायला आलेल्या बाईची कंबर मी दोनदा मोजली.

मग गोणीतून शाल बाहेर काढली.

गिऱ्हाइकांनी टाकलेल्या जुन्या साड्या घेतल्या. खाली दोन, वर दोन, आणि मधोमध सरांची शाल, कडेला डोकावणार नाही अशी दुमडून. मशीनवर नाही, हाताने शिवली. आई घालायची तसा धावदोरा, आणि दोरा लाल घेतला, अगदी त्यांच्या पेनसारखा. इतक्या आनंदाने मी कधी काही शिवलेलं नाही. ब्लाउज खोळंबले, बायका कुरकुरल्या, मी कुणाचं ऐकलं नाही.

राब भाजायच्या सकाळी वारा पडला होता. शेण, टहाळ, पेंढा सगळं नीट पसरलेलं. सर पांढऱ्या झब्ब्यात, पुस्तक काखेत, फोटो काढायला वर्गातला एक जण सोबत. मी गोधडी भावाच्या हातात दिली. त्याला काही कळलं नाही. पुरुषांना आईच्या गोधडीचा रंगही आठवत नाही. पण चुलतीने कोपरा हातात घेतला, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिने आणि आईने एका ओट्यावर बसून गोधड्या शिवल्या होत्या.

मीही तिच्याकडे पाहिलं. गोधडी आईची नाही असं ती बोलली, तर तिच्या माहेरच्या त्या रीतीचा विषय मीही काढू शकते, हे तिलाही समजत होतं.

"टाक रं," ती भावाला म्हणाली. "वारा सुटंल."

पेंढा पेटला. गोधडीने आधी नुसता धूर सोडला, मग आतून काळा, उग्र, प्लॅस्टिकचा वास आला. भाऊ नाक दाबून मागे सरला. सर मात्र हात जोडून, डोळे मिटून उभे होते, आणि फोटो काढला जात होता.

मी त्यांच्या शेजारी जाऊन हात जोडले आणि हळूच म्हटलं, "सर, आत तुमची शाल आहे."

त्यांनी डोळे उघडले.

"हात सोडू नका, फोटो चाललाय. आईची गोधडी घरी आहे. आणि ही रीत माझ्या वहीत आहे, पेन्सिलीने लिहिलेली. तिच्यापुढे तुमची लाल खूण आहे, दोनदा. तुम्ही स्वतः पाहिलेली रीत तुम्ही कुठे वाचलीत, ते सगळ्यांना दाखवता येईल मला."

धूर आमच्याकडे वळला आणि ते खोकायला लागले, तरी हात जोडलेलेच होते.

"दिवा लाव गं," मी म्हटलं. "हे वाक्य पुन्हा कुठे सांगायचं नाही. कुठेही नाही."

त्यांनी मान हलवली. बघणाऱ्यांना वाटलं, सर गहिवरले. भावाने त्यांना पाणी आणून दिलं.

पुस्तक मी त्यांना खुशाल विकू दिलं. विकोत बापडे. जितकं विकलं जाईल तितका त्यांचा हात दगडाखाली जास्त अडकेल. वर्गालाही मी अजून जाते, पहिल्या रांगेत बसते आणि महिनाअखेरीस वही देते. राबानंतरच्या महिन्यात मागच्या बाजूचं एक कोरं पान घेतलं आणि त्यावर मधोमध एवढंच लिहून दिलं: "दिवा लाव गं. दोरा ओवता येत नाय."

वही दुसऱ्याच रविवारी परत आली. त्या पानावर कसलीही खूण नव्हती.