दोऱ्याची रेघ
टर्पेंटाइनचा वास आला, की मला कुंभकोणमचं ते पाट्या रंगवायचं दुकान आठवतं, जिथे पन्नास सालानंतर केव्हातरी, विशीत असताना, मी ब्रश धरायला शिकलो. पितळी भांड्यांच्या एका दुकानाची पाटी मालकांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवली होती आणि ती बिघडली तर उद्यापासून येऊ नकोस, असंही शांतपणे सांगितलं होतं. मी खडू लावलेला दोरा फळीवर ताणून सोडला, पांढरी रेघ उमटली, आणि तिच्याखाली एकेक तमिळ अक्षर रंगवत गेलो. बाबांनी घरी मोडी तशीच शिकवली होती. आधी पानभर रेघ, मग तिला टांगलेली अक्षरं. दुपारी मागे सरून पाहिलं, तर सगळ्या अक्षरांची डोकी एका ओळीत आणि पाय मात्र कुणाचे वर, कुणाचे खाली. मालक विडा चघळत फळीजवळ आले. “मराठी घरातला ना तू?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं. मी मान डोलावली. “तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली असतात. आमची जमिनीवर बसतात.” त्यांनी टर्पेंटाइनच्या बोळ्याने फळी पुसली, नवी रेघ खाली मारली आणि ब्रश पुन्हा माझ्याच हातात दिला. पुढे चाळीस वर्षं मी गावभर अक्षरं बसवली. परवा दारावर लावायला बाबांच्या नावाची मराठी पाटी करायला घेतली. दोरा ताणून सोडला, ब्रश रंगात बुडवला, आणि मग पाहिलं, रेघ मी खाली मारली होती.