टिंबबाई

संगणकाच्या वर्गात तिला सगळे पाठीमागे टिंबबाई म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. तेवीस वर्षं ती प्रोग्राम लिहायला शिकवत होती. लाल पेनाने वह्या तपासायची. कुणाचा प्रोग्राम अडला तर नेमका कुठे अडला ते समासात लिहून निम्मे गुण तरी द्यायचीच. एका गोष्टीला मात्र माफी नव्हती. पडद्यावर वाक्य उमटलं की त्याच्या शेवटी पूर्णविराम हवा. "यंत्राला अक्कल नाही म्हणून आपणही सोडायची का?" असं म्हणून अर्धा गुण कापायची.

यंदा तिच्या वर्गात तिची नणंदच होती. वय बेचाळीस. नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आली त्याला सहा वर्षं झाली होती. एका इस्पितळाच्या नोंदणी विभागात ती हंगामी कामाला होती. तिथलं सगळं काम संगणकावर जाणार होतं. या वर्गाची परीक्षा पास होतील त्यांना ठेवणार, बाकीच्यांना नारळ. संधी तीनच, आणि त्यातल्या दोन वाया गेल्या होत्या.

घरी ती वहिनी म्हणायची, वर्गात बाई. एकदा गल्लत झाली. "वहिनी, हा लूप त्याच त्या ओळी फिरवतोय, थांबतच नाही गं!"

"दादांना बोलवा, ते थांबवतील," मागच्या बाकावरचा वात्रट म्हणाला. वर्ग खिदळला.

रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक भाजी चिरायची, दुसरी प्रोग्राम लिहायची. तिसऱ्या महिन्यात लूप थांबला. त्या नादात दूध उतू गेलं, तरी दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

परीक्षेआधी विभागप्रमुखांनी सांगितलं, "बाई, यंदापासून उत्तरं यंत्र तपासणार. तुमचा त्रास वाचला." यंत्र प्रोग्राम चालवून बघायचं आणि उमटलेलं उत्तर ठरलेल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडायचं. जुळलं तर पूर्ण गुण, नाही तर शून्य.

निकालात नणंदेला पाचही उदाहरणांत शून्य होतं.

बाईने तिचे प्रोग्राम स्वतः चालवून पाहिले. पाचही बरोबर. आकडे बरोबर, वाक्यं बरोबर, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक टिंब.

"प्रश्नपत्रिकेत नमुना दिला होता ना?" तिने घरी विचारलं.

"होता की. त्यात टिंब नव्हतं."

"मग?"

"मला वाटलं, छापणाऱ्याकडून राहिलं. तू अर्धा गुण कापला असतास ना."

वर्गातले एकोणीस जण असेच गेले होते. वात्रट पास झाला होता. त्याने जन्मात कधी टिंब दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई विभागप्रमुखांपुढे उभी राहिली. "सर, प्रोग्राम बरोबर आहेत. चूक असलीच तर माझी आहे."

"नमुन्यासारखं लिहा, असं पेपरवर ठळक छापलंय, बाई. यंत्राचं काय चुकलं?"

"एकदा हाताने तपासून बघा."

"कुणाच्या हाताने? तुमच्या?" त्यांनी चष्मा काढला. "त्या यादीत तुमची नणंद आहे. लोक काय म्हणतील, मी सांगायला हवं का?"

त्यांनी निकालाचा कागद पुढे सरकवला. विषयशिक्षक म्हणून तिची सही लागत होती. तिने केली. सहीखाली टिंब द्यायची तिची जुनी सवय, तेही दिलं गेलं.

आठवड्याने नणंदेला कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. त्या संध्याकाळी ती त्याच टेबलावर अर्ज लिहायला बसली. इस्पितळात चादरी धुण्याच्या विभागात तरी घ्या, असा अर्ज होता. तिथेही जागा नाही हे तिला तोंडी सांगून झालं होतं.

"वहिनी, जरा बघतेस?"

बाईने कागद घेतला. चार ओळी, सुवाच्य अक्षर. शेवटच्या वाक्यापुढे टिंब नव्हतं. तिचा हात लाल पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"तेव्हाही बरोबरच होतं," नणंद म्हणाली. तिने अर्जाची घडी घातली, मग उठून भाजीचं ताट पुढे ओढलं.