उधारीची दोन अक्षरे

१८ नोव्हेंबर २०२४. बद्रुद्दीन पटवेकरांनी सातशे रुपये मोजून सदऱ्याच्या खिशात ठेवले. लेकीच्या कबरीवरच्या दगडात दोन अक्षरे कोरायची होती.

बद्रुद्दीन नाशिकच्या सराफ बाजारात दागिने ओवत. किती नवऱ्या मुलींची मंगळसूत्रे त्यांच्या मांडीवर ओवली गेली, त्याला गणती नाही. रेशमाची गाठ ते दाताने आवळत आणि म्हणत, "जा, लखलाभ." गेल्या महिन्यापासून मात्र त्यांच्या गाठी सैल पडू लागल्या होत्या. घरी बायको, सकीना, अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर काही बोलत नव्हते. न बोलण्यातच सगळे आले.

सकीनाचे मागणे एकच होते. कब्रस्तानात सासऱ्यांची आणि आफियाची कबर, यांच्यामध्ये एक जागा मोकळी होती. आफिया त्यांची एकुलती लेक, लहानपणीच तापाने गेलेली. "मला तिच्या शेजारी ठेवा," सकीना म्हणे.

पण कमिटीचा नवा नियम आडवा आला. दोन्हीकडचे दगड एकाच घराण्याचे असले, तरच मधली जागा त्या घराची. सासऱ्यांच्या दगडावर 'पटवेकर' होते, आफियाच्या दगडावर नुसते 'पटवे'.

"चाचा, उद्या कुणी पटवे येऊन हक्क सांगेल," कमिटीचे अमीरभाई म्हणाले. "जागेसाठी माणसं थांबलीत."

"थांबलीत म्हणजे? जिवंत का मेलेली?"

"दोन्ही."

म्हणून आज बद्रुद्दीन गोटीराम पाथरवटाला कब्रस्तानात घेऊन आले होते. अमीरभाईही सोबत होते. आफियाचा दगड त्याच्या बापाने घडवलेला. पलीकडे कुणासाठी तरी कबर खणणे चालू होते. कुदळीचा आवाज थांबत नव्हता.

गोटीरामने ओल्या गोणपाटाने शेवाळ पुसले. 'पटवे'च्या पुढे छिन्नीचे दोन जुने टोचे उघडे पडले.

"ही उधारी, अमीरभाई. आम्ही अक्षरावर पैसे घेतो. जेवढे पैसे, तेवढी अक्षरं. राहिली त्यांच्या जागी टोचा मारून ठेवतो. माझ्या बापाचा हात आहे हा."

बद्रुद्दीन खाली पाहू लागले. आफिया गेली त्या वर्षी दवाखान्याने घर धुऊन नेले होते.

अमीरभाईंनी दोन्ही टोच्यांवरून बोट फिरवले. "जागा तुमची, चाचा."

गोटीराम बसला. दुपारपर्यंत 'क' उतरला. मग त्याने छिन्नी पिशवीत टाकली.

"अरे, एक राहिलं की!"

"राहू द्या. चाची दुखणाईत आहे ना? घरात दुखणं असलं की शेवटचं अक्षर आम्ही कोरत नाही."

"का?"

"काम पुरं झालं की दगड मोकळा होतो. मोकळा दगड पुढचं नाव मागतो." त्याने निम्मेच पैसे घेतले. "हे देणं राहिलेलंच बरं."

बद्रुद्दीन यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी त्यांनी आग्रह केला नाही.

संध्याकाळी सकीनाने विचारले, "जागा झाली?"

"झाली."

"मी मावेन ना?"

"मावशील. राहिलीस कुठं आता तू?"

ती हसली. मग म्हणाली, "गोटीरामचे दिले सगळे? मला कुणाचं देणं घेऊन जायचं नाही."

"दिले."

"मग खिशात ते काय दिसतंय?"

तिने हात पुढे केला. "आणा इकडे. मी पाठवते कुणाबरोबर तरी."

बद्रुद्दीन यांनी खिशावर तळवा दाबून धरला आणि तिचा हात पांघरुणात घातला. हात गार होता.

एका अक्षराचे साडेतीनशे रुपये गोटीरामला अजून द्यायचे आहेत.