हस्तिदंताच्या बाळाच्या पाया पडले

भोंगा वाजला तेव्हा माझा हात मूर्तीच्या पायांवर होता. धिप्पाड पहारेकरी धावत आला. माझा मुलगा सतीश चोर सापडावा तसे दोन्ही हात वर करून त्याच्यापुढे उभा राहिला. "सॉरी सर, माय मदर, सॉरी!" त्याचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

सतीशच्या शॉमबर्गच्या घरून आम्ही शिकागोचं संग्रहालय बघायला आलो होतो. थालीपीठं आत नेता येत नाहीत, म्हणून गाडीतच खाल्ली. आत मोठमोठे बर्फासारखे थंड दिवाणखाने. एका खोलीत हस्तिदंताचं बाळ मांडी घालून, डोळे मिटून बसलेलं. काच नव्हती, नुसती दोरी होती. आमच्या कुडाळात देव दिसला की पायांना हात लावून तो कपाळाला लावतात. मला तो बाळकृष्णच वाटला, मी लावला.

पहारेकऱ्याने सतीशचं ओळखपत्र मागितलं. नात ईरा शेजारची पाटी वाचून माझ्या कानाशी लागली.

"आजी, हा कृष्ण नाहीये, जीझस आहे."

"मग मांडी घालून का बसलाय?"

"गोव्यात बनवलाय ना, सेव्हन्टीन्थ सेंचुरीत. दात आफ्रिकेतून शिपने आला. पोर्तुगीज लोकांनी ऑर्डर केला."

"म्हणजे दात हत्तीचा, देव गिऱ्हाइकाचा. आमचे नुसते हात."

"आजी, प्लीज, हळू बोल!"

पहारेकरी भला होता. मला दाराबाहेर सोडून हसला. सतीश हसला नाही.

"आई, व्हिसाचं रिन्युअल अडकलंय," तो गाडीत म्हणाला. "ऑफिसात माणसं काढतायत. त्यात हा रिपोर्ट गेला तर आम्ही तिघं सामान बांधून परत. कळतंय का तुला?"

"पाया पडले रे. पाय तर नाही ना तोडला?"

"इथलं तुला काही कळत नाही."

"कळतंय. सांगतील तसं कोरून द्यायचं आणि वर हात जोडायचे."

ईरा खिडकीबाहेर बघत राहिली. घरी जेवताना सुनेने विचारलं, कसं होतं म्युझियम? सतीश म्हणाला, छान.

पुढचं फिरणं त्याने कॅन्सल केलं आणि माझं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं. विमानतळावर तो पाया पडला, पण घाईत, आजूबाजूला बघत.

कुडाळात लोक विचारतात, अमेरिका कशी? मी सांगते, स्वच्छ आहे. माल आपल्या हातचा, धाक त्यांचा, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीही तसंच होतं, हे मला तिकडे जाऊन कळलं. ते कोणाला सांगत नाही.

बाळाच्या त्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी परत आले. सतीश आणि ईरा तिथेच आहेत, व्हिसाचा कागद अजून आलेला नाही.